ट्युलिप बीडमध्ये का फुलत नाही? आणि मग घरात नेमके काय फुलते? समजून घ्या कंदांचे गणित

मोबाईलवर रील पाहता पाहता एक जाहिरात येते. काचेच्या बाटलीत पाणी, वर कांद्यासारखा एक गड्डा आणि त्यातून उमललेले गुलाबी ट्युलिप. 'घरी आणा, पाणी घाला, पंधरा दिवसांत फूल' असा दावा. पैसे भरले जातात, कंद येतात, पाने फुटतात, आणि फूल मात्र येत नाही. आले तरी पानांच्या बेचक्यात अडकून तिथेच सुकते. कंद खराब निघाला असे आपण समजतो, किंवा आपल्या हाताला गुण नाही असे म्हणून गप्प बसतो. बहुतेक वेळा दोन्ही चूक असते. कंद चांगला असतो, हातही चांगला असतो. अडचण असते ती बीडच्या हिवाळ्याची.

ट्युलिपला नेमके काय हवे असते?

ट्युलिप मूळचे मध्य आशियातल्या डोंगरांचे. तिथे हिवाळाभर जमीन बर्फाखाली असते. या झाडाचे फूल आपण समजतो तसे लावल्यानंतर तयार होत नाही. आदल्या उन्हाळ्यातच, जमिनीखाली विश्रांती घेत असलेल्या कंदाच्या पोटात, पाकळ्यांसकट इवलेसे फूल बनून तयार असते. नोव्हेंबरमध्ये ट्युलिपचा चांगला कंद उभा कापला तर ते डोळ्यांनी दिसते. पण त्या फुलाचा दांडा लांब होण्यासाठी कंदाला बारा ते सोळा आठवडे सलग थंडी लागते, साधारण 5 ते 9 अंश सेल्सिअस. ही थंडी मिळाली नाही तर दांडा वाढत नाही. फूल आत असते, पण ते वर आणणारी लिफ्ट बंद पडलेली असते.

बीडमध्ये डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा-अकरापर्यंत उतरतो, कधी त्याखालीही जातो. पण दुपारी तोच पारा तिशीला टेकतो. चार तासांची थंडी आणि चार महिन्यांची थंडी यात फरक आहे, आणि कंद तो फरक बरोबर ओळखतो.

ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना ही गोष्ट नवी वाटू नये. आष्टी-कडा पट्ट्यातला कांदा उत्पादक 'डेंगळे' हा शब्द चांगला ओळखतो. रब्बी कांद्यावर थंडीचा मुक्काम लांबला की पातीतून जाड दांडे वर येतात, टोकाला फुलांचा गेंद धरतो आणि खाली गड्डा पोसत नाही. कांद्यासाठी ते नुकसान. बियाण्यासाठी कांदा लावणारा मात्र याच डेंगळ्यांची वाट पाहतो. कांदा आणि ट्युलिप यांची रीत तंतोतंत सारखी नाही. कांद्यात थंडीमुळे फुलोरा धरतो, ट्युलिपमध्ये आधीच धरलेले फूल थंडीमुळे वर येते. तत्त्व एकच: थंडीचे तास मोजल्याशिवाय ही झाडे फुलत नाहीत.

मग श्रीनगरला आणि दिल्लीला कसे फुलते?

श्रीनगरमध्ये झबरवान डोंगराच्या पायथ्याला 2007 साली सुरू झालेल्या ट्युलिप बागेत लाखो कंद मार्च-एप्रिलमध्ये एकदम फुलतात, कारण तिथला हिवाळाच तसा आहे. नवी दिल्लीत शांतिपथावर फेब्रुवारीत दिसणारे ट्युलिप मात्र वेगळ्या हिशेबाने येतात. ते कंद नेदरलँड्सहून मागवलेले आणि शीतगृहात आधीच थंडी देऊन ठेवलेले असतात. लावले, फुलले, संपले. पालमपूरच्या हिमालय जैवसंपदा प्रौद्योगिकी संस्थेने हिमाचलमध्येच कंद तयार करण्याचे काम हाती घेतले आहे, ते ही आयात कमी व्हावी म्हणूनच.

बीडमध्ये हौस भागवायचीच असेल तर दोन वाटा आहेत. पहिली, विक्रेत्याला 'थंडी दिलेला कंद आहे का' हे लेखी विचारायचे, डिसेंबरमध्ये मागवायचा आणि आल्या दिवशी लावायचा. दुसरी, सप्टेंबरमध्ये साधा कंद घेऊन कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात बारा ते चौदा आठवडे ठेवायचा. फ्रीझरमध्ये ठेवायचा नाही, तिथे तो गोठून मरतो. आणि त्या कप्प्यात सफरचंद, केळी, टोमॅटो ठेवायचे नाहीत. पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू निघतो आणि तो कंदाच्या पोटातले फूल जाळून टाकतो. घरातला भाजीचा कप्पा तीन महिने फळांविना ठेवणे जमणार असेल तरच या फंदात पडावे. एवढे करूनही जानेवारीच्या दुपारच्या उन्हात फूल चार-सहा दिवस टिकते आणि पुढच्या वर्षी तो कंद इथे पुन्हा फुलत नाही. म्हणजे तो एक महागडा पुष्पगुच्छ झाला. तसे समजून घेतला तर तक्रार नाही.

'ट्युलिपच्या निळ्या बिया' विकणाऱ्यांपासून मात्र चार हात दूर राहा. खऱ्या अर्थाने निळे ट्युलिप अस्तित्वात नाही, आणि बियांपासून ट्युलिप फुलायला पाच ते सात वर्षे लागतात. चित्रात दिसते ते संगणकावर रंगवलेले असते. अशी फसवणूक झाली असेल तर ऑर्डरचा पुरावा हाताशी ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. रक्कम लहान असते म्हणून कोणी करत नाही, आणि विक्रेत्याचा सगळा धंदा त्यावरच चालतो.

थंडी नको असलेले कंद

आता चांगली बातमी. जगातले सगळे कंद बर्फाळ प्रदेशातून आलेले नाहीत. कंद म्हणजे मुळात झाडाची बॅटरी: वाईट दिवस आले की वरचा पसारा आवरायचा आणि अन्न-पाणी जमिनीखाली साठवून पडून राहायचे. काही प्रदेशांत वाईट दिवस म्हणजे हिमवर्षाव, तर काही प्रदेशांत कोरडा दुष्काळ. या दुसऱ्या प्रकारच्या कंदांना मराठवाडा समजावून सांगावा लागत नाही.

सगळ्यात सोपे उदाहरण रेन लिलीचे. बोटाएवढा कंद, गवतासारखी पाने, गुलाबी, पांढरी किंवा पिवळी फुले. काही आठवडे कोरड पडून मग भरपूर पाणी मिळाले की आठवडाभरात कळी वर येते. नावच पावसाचे. कुंडीत लावल्यास हीच युक्ती आपल्याला वापरता येते: तीन-चार आठवडे पाणी तोडायचे आणि मग एकदा कुंडी चिंब भिजवायची. पाणी घालायला विसरणाऱ्या घरासाठी यापेक्षा गुणी झाड नाही.

दुसरे, जुन्या वाड्यांच्या अंगणात उन्हाळ्यात लाल-केशरी कर्ण्यासारखी फुले दिसतात ती अमॅरिलिस. मूळ दक्षिण अमेरिकेतली, पण आता आपल्याकडे इतकी रुळली आहे की घराघरांत ती नुसती 'लिली' असते. घरात वाढवायला कंदांमध्ये हीच सर्वांत योग्य. कंदापेक्षा दोन-दोन बोटेच मोठी असलेली कुंडी घ्यायची, कंदाचा मानेकडचा वरचा तिसरा हिस्सा मातीबाहेर ठेवायचा. नोव्हेंबरपासून पाणी कमी करत आणून दोन महिने कोरडे ठेवायचे आणि फेब्रुवारीत पुन्हा सुरू करायचे. सहा ते आठ आठवड्यांत दांडा येतो, बऱ्याचदा पानांच्याही आधी. फूल सुकल्यावर दांडा कापायचा, पाने मात्र कापायची नाहीत. लोक नेमके इथे चुकतात. फूल झाले, आता ही लांबट पाने कशाला, म्हणून छाटतात. पुढच्या वर्षीच्या फुलाचे चार्जिंग त्याच पानांवर चालू असते.

तिसरी फुटबॉल लिली, जिला मे फ्लॉवरही म्हणतात. आफ्रिकेतली. वर्षातून एकदाच, मे-जूनच्या सुमारास, मुठीएवढा लाल गोळा फुलतो. थोडी सावली चालते, म्हणून पूर्वेच्या गॅलरीत किंवा खिडकीत ती सुखाने राहते. हिवाळ्यात पाने वाळून कुंडी रिकामी दिसते. रिकामी समजून माती दुसरीकडे ओतू नका.

आणि नर्गिस. डॅफोडिलच्या घराण्यातली ही पांढरी, गुच्छाने येणारी, सुगंधी जात थंडीचा हट्ट धरत नाही. बाटलीत पाण्यावर कंद फुलवण्याची रील खरी करून पाहायची असेल तर ट्युलिपऐवजी हा कंद घ्या. नोव्हेंबरमध्ये उथळ भांड्यात खडे भरा, कंद त्यावर बसवा, पाणी फक्त कंदाच्या बुडाला टेकेल एवढेच ठेवा. चार ते सहा आठवड्यांत फूल.

निशिगंध घरात येईल का?

कंद म्हटले की मराठी माणसाच्या मनात आधी निशिगंध येतो. महालक्ष्म्यांच्या दिवसांत, लग्नसराईत ज्या गुलछडीचे भाव विचारून आपण मागे सरकतो, तीच ही. मूळ मेक्सिकोतली. शास्त्रज्ञांनी अलीकडे तिचे नाव बदलून तिला 'अगेव्ह' या प्रजातीत, म्हणजे चक्क आपल्या बांधावरच्या घायपाताच्या गोतात बसवले आहे. विचित्र वाटते, पण एक लकब जुळते: घायपात एकदा फुलले की मरते, आणि निशिगंधाचाही एक कंद एकदाच फुलतो. पुढचा बहर त्याच्या बाजूला फुटलेल्या पिल्लांकडून येतो. त्यामुळे 'गेल्या वर्षी फुलला, यंदा नाही' अशी तक्रार असेल तर कुंडी उकरून पाहा. बहुतेक आत पिल्लांची दाटी झालेली असते. मोठे कंद वेगळे करून पुन्हा लावायचे, बारीक कंदांना एक वर्ष पोसू द्यायचे.

बेंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने 'शृंगार', 'प्रज्वल', 'सुवासिनी', 'वैभव' अशा जाती दिल्या आहेत, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची 'फुले रजनी' आहे. घरासाठी एकेरी पाकळ्यांची जात घ्यावी, वास तिलाच जास्त. एप्रिल ते जूनमध्ये सुपारीपेक्षा मोठा कंद दोन इंच खोल लावला तर तीन-साडेतीन महिन्यांत दांडा येतो. पण निशिगंधाला दिवसाचे सहा तास तरी थेट ऊन हवे. म्हणून तो बैठकीच्या खोलीत वाढत नाही. गच्चीत किंवा गॅलरीत वाढवायचा आणि पहिली कळी उमलली की कुंडी उचलून आत आणायची. रात्री वास फार होतो. ज्यांना वासाने डोके दुखते त्यांनी झोपायच्या खोलीत ठेवू नये.

'माझ्या घरात भरपूर उजेड आहे' म्हणजे किती?

घरातल्या बागेचा सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. माणसाचा डोळा उजेड मोजण्यात कच्चा आहे. तो अंधाराशी आणि उजेडाशी इतक्या बेमालूमपणे जुळवून घेतो की शंभरपट फरकही आपल्याला जेमतेम जाणवतो. उजेड मोजायचे एकक लक्स. दुपारच्या उन्हात अंगणात साधारण 1 लाख लक्स असतात. खिडकीपासून दोन-तीन फुटांवर, थेट ऊन नसताना, एक ते तीन हजार. खोलीच्या मधोमध टीव्हीशेजारी शंभर-दोनशे. पेपर वाचायला ते पुरतात, फुलायला नाही. मोबाईलवर लक्स मोजणारी मोफत अ‍ॅप मिळतात. आकडा अगदी अचूक नसतो, पण टेबल आणि खिडकी यांतला फरक पाहून कोणाचेही डोळे उघडतील. दुपारी बाराला खिडकीतही हजारच्या खालीच आकडा असेल तर तिथे फुलांचे झाड नेऊन त्याचे हाल करू नका. पीस लिली तग धरेल, तीही पानांवरच.

खिडकी कोणत्या दिशेची, हाही प्रश्न बीडमध्ये जरा वेगळा आहे. युरोप-अमेरिकेतली पुस्तके आणि व्हिडिओ 'दक्षिणेची खिडकी उत्तम' असे सांगतात. बीड 19 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस सूर्य आपल्या थेट डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो, आणि या दोन तारखांच्या मधल्या काळात तो दुपारी किंचित उत्तरेला असतो. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीत तेव्हा ऊन पोहोचतच नाही. डिसेंबरमध्ये मात्र तो दक्षिणेकडे खाली झुकतो आणि ऊन थेट खोलीत शिरते. तेव्हा हिवाळ्यात फुलणारी झाडे दक्षिणेला, बाकी वर्षभर पूर्वेला. पश्चिमेची खिडकी एप्रिल-मे महिन्यांत तव्यासारखी तापते. तिथे कंदही भाजतो.

रात्रीचा दिवाही मोजला जातो

पानाफुलांच्या दुकानांत दिवाळीच्या सुमारास कलांचो नावाची छोटी रोपे येतात. जाड पाने आणि लाल-पिवळ्या-गुलाबी फुलांचे झुबके. हा कंद नव्हे, पण मादागास्करच्या कोरड्या भागातले हे झाड बीडच्या हवेला छान मानवते. एकदा फुलले की सहा आठवडे टिकते. प्रश्न येतो दुसऱ्या वर्षी: झाड हिरवेगार, फूल एकही नाही.

याचे उत्तर सोयाबीनच्या शेतात आहे. 1920 साली गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी तंबाखू आणि सोयाबीनवर काम करून दाखवून दिले, की काही झाडे दिवस लहान झाला की फुलतात. पुढे कळले की ती प्रत्यक्षात रात्रीची लांबी मोजतात. रस्त्याच्या दिव्याखाली येणारे सोयाबीन बाकी शेत वाळायला लागले तरी हिरवे राहते, ते यामुळेच. कलांचोही त्याच पंगतीतला. बीडमध्ये दिवस जूनमध्ये सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरमध्ये सुमारे 11 तासांवर येतो. म्हणजे फुलायला लागणारी लांब रात्र निसर्ग देतोच. आपण हॉलमध्ये रात्री साडेअकरापर्यंत ट्यूबलाइट चालू ठेवून ती मोडतो. ऑक्टोबरपासून सहा आठवडे संध्याकाळी सहा ते सकाळी आठ ही कुंडी अंधाऱ्या खोलीत किंवा पुठ्ठ्याच्या खोक्याखाली ठेवली तर कळ्या धरतात. दिवसा पुन्हा खिडकीत.

पाणी: किती यापेक्षा कोणते

नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहरात फुलझाडांवर लेख लिहायचा म्हणजे थोडे अवघडल्यासारखे होते. पण इथे कंदांची बाजू भक्कम आहे. वर्षातले तीन-चार महिने त्यांना पाणी नकोच असते. आणि कंद तहानेने क्वचित मरतो, सडून मात्र नेहमी मरतो.

आपल्याकडचे बोअरचे पाणी जड असते. बादलीला, गीझरला आणि कुंडीच्या कडेला बसणारा पांढरा थर हा त्याचाच पुरावा. हे क्षार कुंडीत साठत जातात, पानांची टोके करपतात. दोन-तीन महिन्यांतून एकदा कुंडी खालून निथळेपर्यंत भरपूर पाणी घालावे म्हणजे साठलेले क्षार धुऊन निघतात. आरओ फिल्टरमधून बाहेर पडणारे पाणी वाया जाते म्हणून झाडांना घालणारी घरे बरीच आहेत. त्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. ते फरशीसाठी वापरा. कूलरच्या टाकीत उरलेल्या पाण्याचेही तेच: हवेत उडते ते शुद्ध पाणी, मागे राहतात ते क्षार. उलट एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी जवळपास क्षारमुक्त असते. ते जरूर साठवा. पावसाचे तर सर्वोत्तम. एक चौरस मीटर पत्र्यावर 10 मिलिमीटर पाऊस पडला तर जवळपास 10 लिटर पाणी मिळते. पाच-सहा कुंड्यांना ते दोन-तीन आठवडे जाते.

माती काळी नको. आपली काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि दोन्ही वेळा कंदाची हवा कोंडते. एक भाग माती, एक भाग गांडूळखत आणि एक भाग जाडसर वाळू. वाळू म्हटले की बीडमध्ये वेगळ्या बातम्या सुरू होतात, तेव्हा चाळलेला मुरूम किंवा विटांचा चुरा घेतला तरी चालते. कुंडी मातीची घ्या. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने तिच्यातली मुळेही उन्हाळ्यात गार राहतात.

कुंडीखालच्या बशीबद्दल मात्र हयगय नको. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून डास बाहेर पडतो. नर्गिसचे भांडे, मनी प्लांटची बाटली, बशी, सगळे आठवड्यातून एकदा रिकामे करून घासायचे. नुसते ओतून भागत नाही. अंडी कडेला चिकटून राहतात आणि कोरडी असतानाही महिनोन् महिने टिकतात.

हे कंद कांद्याच्या टोपलीजवळ ठेवू नका

नर्गिस, अमॅरिलिस, फुटबॉल लिली, ट्युलिप यांचे कंद दिसायला कांद्यासारखेच. पण ते विषारी आहेत. चुकून भाजीत गेले तर मळमळ, उलट्या, जुलाब होतात. फ्रिजमध्ये ठेवले तर पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहा, घरातल्या ज्येष्ठांना आणि स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना सांगून ठेवा. कळलावी, म्हणजे पावसाळ्यात ज्वाळेसारखे फूल येणारी वेल, कुंडीत सुंदर दिसते, पण तिच्या कंदातले कोल्चिसिन जीवघेणे असते. लहान मूल असलेल्या घरात ती लावूच नये. मांजर असेल तर फुलवाल्याकडच्या आशियाई, ओरिएंटल लिलीही आणू नका. तिचे परागकण अंगावरून चाटले तरी मांजराची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. कोणी कंद खाल्ल्याचा संशय आला तर घरगुती उपाय करत बसू नये. उरलेला तुकडा सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे. डॉक्टरांना 'लिली' या शब्दापेक्षा तो तुकडा जास्त सांगतो.

सुरुवात करायची असेल तर सध्या कोणता महिना चालू आहे ते पाहा. फेब्रुवारी असेल तर अमॅरिलिस, एप्रिल-मे असेल तर निशिगंध आणि रेन लिली, ऑक्टोबर असेल तर कलांचो, नोव्हेंबर असेल तर नर्गिस. कंद हातात घेऊन अंगठ्याने दाबून पाहा. घट्ट आणि वजनाला जड असेल तर घ्या. बुडाशी मऊ लागला किंवा बुरशीचा वास आला तर परत ठेवा, मग तो निम्म्या किमतीत मिळत असला तरी.